भाव कळला, माल थांबणार कोठे?

(माहिती-तंत्रज्ञान आणि राष्ट्रीय आर्थिक वाढ या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहिती आणि दळणवळण यांच्या नव्या साधनांमुळे राष्ट्राचे उत्पन्न वाढते, हे विधान हल्ली इतक्या सहजपणे केले जाते की, त्याचा पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटत नाही. अंदाजपत्रकावरील भाषणांत, उद्योगपतींच्या मेळाव्यांत आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत एकच सूर ऐकू येतो : तारा टाका, मनोरे उभारा, प्रत्येकाच्या हाती मोबाइल द्या, समृद्धी मागोमाग येईल. समाजवादी चळवळीने या सुरात सूर मिसळण्याचे कारण नाही, तसेच यंत्राला शत्रू मानून त्याकडे पाठ फिरविण्याचेही कारण नाही. ही साधने उत्पन्न वाढवितात ती कोणत्या मार्गाने, कोणत्या परिस्थितीत, आणि वाढलेले उत्पन्न जाते कोणाकडे, हे तीन प्रश्न तिने विचारले पाहिजेत.

वाढ होते ती कशी?

राष्ट्राचे उत्पन्न दोन प्रकारे वाढते. अधिक माणसे, अधिक जमीन आणि अधिक भांडवल कामाला लावले की उत्पादन वाढते, हा पहिला प्रकार. तेवढ्याच श्रमांतून आणि तेवढ्याच भांडवलातून अधिक उत्पादन निघू लागते, हा दुसरा. या दुसऱ्या प्रकाराला उत्पादकतेची वाढ म्हणतात. दूरध्वनी स्वतः धान्य पिकवीत नाही आणि संगणक स्वतः कापड विणीत नाही. ती साधने व्यवहारातील नासाडी कमी करतात. वाया जाणारा हेलपाटा वाचतो, न विकलेला माल कुजत नाही, ज्याला काम हवे तो आणि ज्याला कामगार हवा तो यांची गाठ लवकर पडते. अशा लक्षावधी लहान बचतींची बेरीज म्हणजे या तंत्रज्ञानाने राष्ट्रीय उत्पन्नात घातलेली भर होय.

ही भर किती, याचे अंदाज अनेकांनी केले आहेत. जागतिक बँकेच्या २००९ सालच्या एका अहवालात असे दाखविले होते की, विकसनशील देशांत वेगवान इंटरनेट-जोडण्यांचे प्रमाण शंभर माणसांमागे १० ने वाढले, तर त्याबरोबर आर्थिक वाढीचा दर सुमारे १.३८ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळते. हा आकडा पुढे अनेकांनी आधारासाठी वापरला. परंतु दोन गोष्टी बरोबरीने चालतात, एवढ्यावरून कोण कोणाला ओढीत आहे हे ठरत नाही. श्रीमंत देशांत जोडण्या अधिक असतात, याचे एक साधे कारण ते श्रीमंत आहेत हे असू शकते. शिवाय सरासरीच्या आकड्यात कोणाचे किती वाढले याचा पत्ता लागत नाही. म्हणून आकड्याच्या मागे जाऊन प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे आवश्यक ठरते.

अमेरिकेचा धडा

ज्या देशात संगणक सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर आला, त्या अमेरिकेचा अनुभव प्रथम पाहावा. १९८७ साली अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते. संगणकयुग चहूकडे दिसत असले, तरी उत्पादकतेच्या आकडेवारीत मात्र ते कोठेच दिसत नाही, असा त्याचा आशय होता. याच वर्षी आर्थिक वाढीच्या सिद्धांताबद्दल सोलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे हा शेरा एखाद्या यंत्रविरोधकाचा म्हणून झटकून टाकणे कोणालाही शक्य नव्हते.

या कोड्याचे एक उत्तर १९९० मध्ये पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने दिले. त्याने विजेच्या इतिहासाकडे बोट दाखविले. एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजनिर्मितीचे केंद्र सुरू केले ते १८८२ साली. परंतु अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे मोठी उसळी आली ती १९२० नंतरच्या दशकात. मधली चाळीस वर्षे कशात गेली? वाफेच्या काळातील कारखान्यात एक मोठे इंजिन असे आणि त्याची शक्ती लांबलचक दांड्यांनी व पट्ट्यांनी सर्व यंत्रांना पुरविली जाई. आरंभी मालकांनी इंजिनाच्या जागी तेवढी विजेची मोटार बसविली आणि बाकीची मांडणी जशीच्या तशी ठेवली. लाभ बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार बसली, इमारतींची रचना बदलली, कामाची विभागणी नव्याने झाली आणि कामगारांना नवे कौशल्य मिळाले, तेव्हा कोठे विजेचे फळ हाती आले.

पुढे १९९५ ते २००४ या काळात अमेरिकेतील उत्पादकता खरोखरच वेगाने वाढली आणि तिचे बरेचसे श्रेय संगणक व त्याभोवती बदललेली कामाची पद्धत यांना दिले जाते. परंतु त्यानंतर तो वेग पुन्हा मंदावला, आणि तोही नेमका हातोहाती स्मार्टफोन येण्याच्या काळात. तात्पर्य, नवे यंत्र आणले म्हणजे वाढ आली असे नव्हे. यंत्राभोवतीची मांडणी बदलावी लागते. कारखान्यात ही मांडणी मालक बदलतो. समाजात ती बदलण्याचे काम राजकारणाचे आहे.

मासळी, कांदा आणि सोयाबीन

आता भारताकडे वळावे. येथे तीन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला केरळच्या किनाऱ्यावरील. १९९७ ते २००१ या काळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. तत्पूर्वी तारलीचे जाळे भरून परतणारा मच्छीमार आपल्याच गावच्या किनाऱ्याला लागत असे. तेथे गिऱ्हाईक नसले तर मासळी समुद्रात टाकून देण्यावाचून गत्यंतर नसे. आणि त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आत दुसऱ्या किनाऱ्यावरची गिऱ्हाइके मासळीविना परत जात. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच चार किनाऱ्यांवर चौकशी करू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पूर्वी ५ ते ८ टक्के मासळी वाया जात होती, ती नासाडी जवळजवळ संपली. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. उत्पादक आणि ग्राहक या दोघांचेही हित एकाच वेळी साधल्याची उदाहरणे अर्थशास्त्रात थोडी आहेत. हे त्यांपैकी एक होय.

दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातील आहे. येथील १०० गावांतील शेतकऱ्यांपैकी काहींना मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि पिकासंबंधीचा सल्ला यांचे संदेश पुरविण्यात आले आणि ज्यांना ते मिळाले नाहीत अशा शेतकऱ्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात उल्लेखनीय असा कोणताच फरक पडला नाही.

साधन एकच आणि माहितीही एकाच प्रकारची; मग केरळात ती फळली आणि महाराष्ट्रात वांझ का ठरली? कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. केरळच्या मच्छीमाराकडे होडी होती, होडीला इंजिन होते आणि किनाऱ्याने थोड्या थोड्या अंतरावर बाजार होते. भाव कळताच होडीचे तोंड वळविणे त्याच्या हाती होते. महाराष्ट्रातील लहान शेतकऱ्याला भाव कळतो, पण माल थांबविण्यास गोदाम वा चाळ नसते, दूरच्या बाजारात नेण्यास टेंपोचे भाडे परवडत नाही, आणि पेरणीच्या वेळी आडत्याकडून उचल घेतलेली असली तर माल कोणाकडे न्यावयाचा हे आधीच ठरून गेलेले असते. उद्या कांदा चढेल असा संदेश आला तरी आज देणेकऱ्याला तोंड द्यावयाचे असते. केरळातदेखील जो मच्छीमार लिलावदाराच्या कर्जात अडकला असेल त्याला मोबाइल असून नसल्यासारखाच. माहितीने सौदा करण्याची शक्ती वाढते हे खरे. परंतु त्यासाठी सौदा नाकारण्याची ऐपत मुळात असावी लागते.

तिसरा अभ्यास मध्य प्रदेशातील सोयाबीनचा. तेथे २००० सालापासून आयटीसी या कंपनीने गावोगाव इंटरनेटची केंद्रे उघडली. शेतकऱ्याला भाव समजू लागला. त्याचबरोबर कंपनी स्वतः सोयाबीन खरेदी करू लागल्यामुळे मंडीला पर्यायही निर्माण झाला. अपराजिता गोयल यांच्या २०१० मधील अभ्यासात असे दिसले की, त्यामुळे मंडीतील भावदेखील १ ते ३ टक्क्यांनी वाढले. येथे माहितीच्या जोडीला दुसरा खरेदीदार उभा होता, म्हणून माहितीला धार आली. परंतु आज मंडीचा प्रतिस्पर्धी असलेली कंपनी उद्या एकमेव खरेदीदार झाली, तर शेतकऱ्याने जावे कोठे? यास्तव दुसरा खरेदीदार सहकारी असणे अधिक इष्ट ठरते.

त्या दिशेचा एक प्रयोग कोल्हापूर-सांगली परिसरात झाला होता. वारणेच्या सहकारी संस्थांच्या आधाराने १९९८ मध्ये सुमारे ७० गावांत संगणक-केंद्रे सुरू करण्यात आली. शेती, आरोग्य, शिक्षण, बाजार अशी सर्व माहिती गावकऱ्याला मिळेल, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे झालेल्या पाहणीत असे आढळले की, संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरता होत होता : तोडणीची पाळी, वजन, खत, बिल. हा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेथे सहकारी कारखाना उभा होता, खरेदीची हमी होती आणि सभासदाचे खाते होते, तेथे संगणक लगेच उपयोगी पडला. ज्याचा ऊस नव्हता त्याला मात्र त्या केंद्रात फारसे काम नव्हते. संस्थेची कक्षा जेवढी, तेवढीच यंत्राचीही.

सर्वांपर्यंत पोचल्याशिवाय फळ नाही

वाढीच्या या चर्चेत समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आणखी एक निष्कर्ष आहे. लार्स-हेंड्रिक रोलर आणि लिओनार्ड वेव्हरमन यांनी १९७० ते १९९० या काळातील २१ प्रगत देशांची आकडेवारी तपासून २००१ मध्ये असे दाखविले की, दूरध्वनीचा आर्थिक वाढीवरील खरा परिणाम तो जवळजवळ सर्व घरांत पोचल्यानंतरच दिसू लागतो. त्यांच्या हिशेबाने हा टप्पा शंभर माणसांमागे सुमारे ४० दूरध्वनींचा होता. याचे कारण उघड आहे. एकट्याचा दूरध्वनी निरुपयोगी असतो. प्रत्येक नव्या ग्राहकागणिक आधीच्या सर्वांच्या दूरध्वनीची उपयुक्तता वाढते. म्हणजे येथे समता आणि वाढ एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. मूठभरांची चैन राहिलेला दूरध्वनी राष्ट्राचे उत्पन्न फारसे वाढवीत नाही.

भारतात तो दीर्घकाळ मूठभरांचाच होता. १९४८ मध्ये सर्व देशात सुमारे ८० हजार दूरध्वनी होते, आणि १९९१ मध्येही सुमारे ५० लाखच. या कोंडीतून पहिली वाट काढली ती सार्वजनिक संशोधनाने. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलनाची गरज नसलेले लहान ग्रामीण एक्स्चेंज तिने तयार केले. त्यातील पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. पाठोपाठ गावोगाव आणि नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे सार्वजनिक दूरध्वनी उभे राहिले आणि त्यांपैकी अनेक अपंग बांधवांच्या चरितार्थाचे साधन झाले. १९९५ मध्ये मोबाइल आला. १९९९ च्या धोरणानंतर खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेने दर झपाट्याने उतरले, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आज देशात ११० कोटींहून अधिक जोडण्या आहेत.

परंतु स्पर्धा तेथेच धावते जेथे नफा असतो. डोंगरातला पाडा आणि तुरळक वस्तीची वाडी तिच्या हिशेबात बसत नाही. याच कारणासाठी २००२ मध्ये कंपन्यांच्या उत्पन्नातील वाटा घेऊन सार्वत्रिक सेवेचा निधी सुरू झाला. त्यातील मोठमोठ्या रकमा वर्षानुवर्षे खर्चावाचून पडून राहिल्या. सर्व ग्रामपंचायतींना काचतंतूंच्या तारेने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि तिची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. पंचायतीच्या कचेरीपर्यंत तार पोचली म्हणजे ती दलित वस्तीत पोचली असेही नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते, आणि ग्रामीण स्त्रियांत सुमारे २५ टक्के. देशाच्या निम्म्या श्रमशक्तीला उंबऱ्याच्या आत ठेवून उत्पादकता वाढविण्याच्या गोष्टी करणे हे अर्थशास्त्रालाही धरून नाही.

अरुंद वाढ

भारतात माहिती-तंत्रज्ञानाने चमत्कार केला, असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सॉफ्टवेअरची निर्यात असते. ती कामगिरी मोठी आहे, यात शंका नाही. तिची मुळे सार्वजनिक गुंतवणुकीत आहेत, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला स्वदेशी संगणक, सरकारी खर्चाने चाललेली अभियांत्रिकी महाविद्यालये, १९९१ पासूनची सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने आणि त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेला परम महासंगणक ही त्याची काही उदाहरणे. आज या उद्योगातून राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७ टक्के उत्पन्न येते. त्यात काम करणारे मात्र पन्नास लाखांहून थोडे अधिक, म्हणजे देशातील काम करणाऱ्यांपैकी शेकडा एक. उलट, २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार शेकडा ४६ माणसे शेती व संलग्न व्यवसायांवर अवलंबून आहेत आणि त्यांच्या वाट्याला राष्ट्रीय उत्पन्नाचा पाचवा हिस्साही येत नाही. ज्या शंभरातल्या एकाची उत्पादकता वाढली त्याचे कौतुक अवश्य व्हावे; परंतु या शेचाळीसांची उत्पादकता वाढल्याखेरीज राष्ट्राची वाढ झाली असे म्हणता येणार नाही.

पैसे देण्याघेण्याच्या नव्या व्यवस्थेची कथाही अशीच उद्बोधक आहे. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांनी २००८ मध्ये नफा न मिळविणारी संस्था म्हणून राष्ट्रीय देयक निगम स्थापन केले. त्याने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी १,००० कोटींचा आकडा ओलांडला. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना तिचा उपयोग होतो. रस्ता असा सार्वजनिक आहे. परंतु त्यावरील सुमारे चार-पंचमांश वाहतूक केवळ दोन ॲपमधून चालते आणि त्या दोहोंची मालकी मुख्यतः परकीय भांडवलाकडे आहे. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०२० मध्ये जाहीर झाला. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे पुढे ढकलण्यात आली.

यंत्र आणि कामगार

समाजवाद्यांनी संगणकाला विरोध केला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. इतिहास थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीय भागीदारीची अट आयबीएमला घालण्यात आली. कंपनीने ती मानली नाही आणि १९७८ मध्ये ती देश सोडून गेली. तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सीएमसी या सार्वजनिक कंपनीकडे आले. त्याच सीएमसीने पुढे रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण केले आणि १९८६ च्या सुमारास ते दिल्लीत रुजू झाले. गाडीगणिक वेगळी खिडकी आणि वेगळे रजिस्टर ही पद्धत संपून कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. सामान्य प्रवाशाचे किती तास यामुळे वाचले याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही. परंतु उत्पादकता म्हणतात ती हीच. हीच कंपनी २००१ मध्ये निर्गुंतवणुकीत खाजगी हाती गेली.

कलकत्त्यात साठोत्तर वर्षांत विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला होता, तो नोकरी जाण्याच्या भीतीपोटी. ती भीती अनाठायी नव्हती. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वाटाघाटी करून संगणकीकरणाला अटी घातल्या. कामगार संघटित असला तर यंत्र वाटाघाटीच्या दारातून आत येते. असंघटित असला तर त्याला न विचारताच येते. आज घरोघर जेवण आणि माल पोचविणारी मुले हे त्याचे जिवंत उदाहरण. निती आयोगाने २०२२ मध्ये अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख होती असा अंदाज केला. त्यांना काम देणारे, दर ठरविणारे आणि काढून टाकणारे यंत्र एकच. आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडण्याची सोय अगदीच तुटपुंजी. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा करून वाट दाखविली.

सरकारी यंत्रणेच्या हातीही हे साधन दुधारी ठरते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची जी कल्पना देशाला दिली, तिचा आधार कामावरचा हजेरीपट होता. राष्ट्रीय रोजगार हमी योजनेत १ जानेवारी २०२३ पासून ही हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा छायाचित्रासह नोंदविणे सक्तीचे झाले. खोट्या हजेऱ्या रोखणे हा हेतू चांगला होता. पण जेथे नेटवर्क नाही तेथे दिवसभर खपलेल्या बाईची मजुरी यंत्राच्या मर्जीवर राहिली. भ्रष्टाचाराची शिक्षा मजुराने भोगावी, हा न्याय नव्हे.

कार्याची दिशा

या विवेचनातून चळवळीपुढे काही ठोस मागण्या येतात. बाजारभावाच्या संदेशांवर जेवढा खर्च होतो, त्याआधी गावपातळीवर गोदामे, कांदाचाळी आणि मालाच्या तारणावर तत्काळ कर्ज यांची तरतूद झाली पाहिजे. म्हणजे शेतकऱ्याला चार दिवस थांबता येईल. सार्वत्रिक सेवेचा निधी वाड्या-पाड्यांवरील जोडण्यांसाठी मुदतीत खर्च झाला पाहिजे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे आला पाहिजे. जून २०२३ मध्ये केरळने स्वतःचे सार्वजनिक इंटरनेट-जाळे सुरू करून राज्य सरकारही पुढाकार घेऊ शकते हे दाखविले आहे. महाराष्ट्राने त्याचा अभ्यास करावा. मुलींना आणि स्त्रियांना हे साधन वापरण्याचे शिक्षण मराठीतून मिळावे. ॲपवर काम करणाऱ्यांना संघटना करण्याचा आणि दर ठरविण्यात भाग घेण्याचा हक्क असावा. आणि यंत्रात नोंद झाली नाही म्हणून कोणाचीही मजुरी, रेशन वा निवृत्तिवेतन अडता कामा नये. कागदावरची नोंद ग्राह्य धरण्याची तरतूद कायद्यात असावी.

जागतिक बँकेनेदेखील २०१६ च्या आपल्या विकास-अहवालात कबूल केले की, तंत्रज्ञान वेगाने पसरले, पण त्याचे लाभ त्या मानाने मागे राहिले. शिक्षण, नियमन आणि जबाबदार संस्था नसतील तर विषमताच वाढण्याचा धोका संभवतो. समाजवादी जे वर्षानुवर्षे सांगत आले, ते आता त्यांच्याही दप्तरी आले, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आपल्या तालुक्यात किती मनोरे उभे राहिले, हे कार्यकर्त्याने मोजावेच. परंतु त्याच वहीत गोदामे किती, शाळेत वीज किती तास, आणि भाव पडला असता माल घरी परत नेऊ शकणारे शेतकरी किती, हेही लिहून काढावे. पुढच्या अभ्यासवर्गात या नोंदींवर चर्चा व्हावी.